घरातलं माणूस एखाद्या पंथात ओढलं जात असेल तर: काय तपासायचं, काय बोलायचं, काय टाळायचं

नव्या पंथावरून घरात वाद पेटतो तो बहुतेक वेळा श्रद्धेवरून. 'असल्या गोष्टींवर तुझा विश्वास तरी कसा बसतो?' इथून सुरुवात होते, समोरचं माणूस आणखी हट्टाला पेटतं आणि महिन्याभरात बोलणं तुटतं. गटाला हेच हवं असतं. 'घरचे तुला समजून घेणार नाहीत' असं तिथे आधीच सांगून ठेवलेलं असतं. तुम्ही चिडलात की ते भाकीत तुम्हीच खरं करून देता.

म्हणून इथे देव, मोक्ष, परग्रहवासी किंवा जगाचा अंत यावर चर्चा नाही. तो गट माणसांशी वागतो कसा ते तपासायचं, आणि आपल्या माणसाचे परतीचे दोर शाबूत ठेवायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन कामांच्याच आहेत.

पायरी १: श्रद्धा बाजूला ठेवा, वागणूक तपासा

नवं असणं, लहान असणं किंवा विचित्र दिसणं हा गुन्हा नाही. आज ज्यांच्यापुढे जग मान तुकवतं असे काही धर्म एकेकाळी मूठभर माणसांचे 'वेडगळ' पंथच होते. आजचेही बहुतेक नवे धार्मिक गट कुणाचं काही बिघडवत नाहीत. उलट जुन्या, प्रतिष्ठित संस्थेच्या आत एखादा माणूस दहा-वीस जणांची आयुष्यं मुठीत धरून बसलेला असू शकतो. या बाबतीत फ्रान्सचा कायदा मला शहाणपणाचा वाटतो. 'घातक पंथ' म्हणजे काय याची व्याख्या तो करतच नाही. २००१ सालच्या तिथल्या कायद्याने माणसाच्या अज्ञानाचा किंवा दुर्बल अवस्थेचा कपटाने फायदा घेणं हा गुन्हा ठरवला. कुणी काय मानावं यात सरकार पडत नाही, कुणाला कसं पिळलं एवढंच पाहतं.

तुम्हीही तेच पाहा. पैसा कुठे जातो, हिशेब कुणाला पाहता येतो? देण्याला मर्यादा आहे का, की कर्ज काढून आणि घर विकूनही द्यायला सांगतात? झोप किती मिळते? रात्री उशिरापर्यंत सत्रं आणि पहाटे उठणं आठवडेच्या आठवडे चाललं तर कुणाचाही विवेक बोथट होतो, त्याला कुठल्याही गूढ शक्तीची गरज लागत नाही. बाहेरची मैत्री, नोकरी, शिक्षण, औषधोपचार यांना गट 'अडथळा' म्हणतो का? लग्न कुणाशी करायचं, मूल कधी होऊ द्यायचं, कुणाशी बोलायचं हे दुसरंच कुणी ठरवतं का? प्रमुखाला प्रश्न विचारता येतो का, आणि विचारणाऱ्याचं पुढे काय होतं?

या सगळ्यांतून एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी हा निवडेन: गट सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोलतात? 'त्याला नाही जमलं, भेटतो अधूनमधून' असं सहज सांगता येत असेल तर बरंचसं ठीक आहे. सोडून गेलेला प्रत्येक जण गद्दार, भ्रष्ट, आजारी किंवा सैतानाच्या नादी लागलेलाच निघत असेल, त्याच्याशी बोलायलाही बंदी असेल, तर सावध व्हा. जिथून बाहेर पडायचा सरळ रस्ता नाही, तिथलं बाकी सगळं कितीही गोड असलं तरी त्याला फारसा अर्थ राहत नाही.

हा तपास करताना एका बाजूच्याच माहितीवर विसंबू नका. गटाचं स्वतःचं साहित्य वाचा, बाहेर पडलेल्यांचे अनुभव वाचा, न्यायालयीन निकाल असतील तर ते पाहा, आणि अभ्यासकांनी काही लिहिलं असेल तर तेही. बाहेर पडलेल्या माणसाच्या बोलण्यात राग असतो, पण तेवढ्याने ते खोटं ठरत नाही. आत असलेल्याच्या बोलण्यात आनंद असतो, तोही ढोंग असतोच असं नाही.

पायरी २: 'आपलं माणूस असं कसं फसलं?' हा प्रश्न सोडून द्या

फसतात ते भोळे, अडाणी, कमकुवत मनाचे, हा समज सोयीचा आहे, कारण त्यात आपण बसत नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या पंथात रसायनशास्त्रज्ञ होते, विषाणूंचा अभ्यास केलेला संशोधक होता. डब्यात विषाची पिशवी टोचून फोडणाऱ्यांपैकी एक जण हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. त्या पंथाची सुरुवात १९८४ मध्ये एका छोट्या योगवर्गाने झाली होती. अमेरिकेतल्या जिम जोन्सच्या पीपल्स टेंपल या पंथात गेलेल्यांपैकी अनेकांना वर्णभेद संपवायचा होता, म्हाताऱ्यांना आणि गरिबांना आधार द्यायचा होता. तिथे माणसं खेचली गेली ती त्यांच्यातल्या चांगुलपणामुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९७० च्या दशकात युनिफिकेशन चर्च या दक्षिण कोरियात सुरू झालेल्या पंथाच्या शिबिरांना जाणाऱ्यांचा अभ्यास केला. शिबिराला गेलेल्यांपैकी बहुतेक जण सदस्य झालेच नाहीत, आणि झालेल्यांपैकीही बरेचसे पुढच्या काही वर्षांत आपापले बाहेर पडले. 'मेंदू धुतला की माणूस गेलंच' हे खरं असतं तर असं घडलं नसतं. घरच्यांना यातून मिळणारा दिलासा छोटा नाही.

मग ओढलं कोण जातं? स्वभावापेक्षा वेळ महत्त्वाची असते. जोडीदार गेल्यानंतरचं वर्ष, घटस्फोट, नव्या शहरात किंवा परदेशात एकटं राहणं, कॉलेजचं पहिलं वर्ष, नोकरी गेलेली, निवृत्ती, मूल आजारी आणि डॉक्टरांनी हात टेकलेले. अशा दिवसांत कुणी जवळ बसवतं, नाव लक्षात ठेवतं, रोज फोन करतं, 'तुझ्यात काहीतरी वेगळं आहे' म्हणतं. मग एक मोफत व्याख्यान, मग तीन दिवसांचं शिबिर, मग शनिवार-रविवारची सेवा, मग 'इथेच राहायला ये ना, भाडं वाचेल'. यातलं कुठलंही पाऊल मोठं नसतं. पंथात सामील व्हायचं असं ठरवून कुणी जात नाही.

या पायरीवरचं तुमचं काम म्हणजे त्या माणसाला तिथे काय मिळालं ते ओळखणं. सोबत? शिस्त? दुःखाला अर्थ? आपण उपयोगी आहोत ही जाणीव? ते कागदावर लिहा. बाहेरच्या जगात त्यातलं थोडंफारही मिळालं नाही, तर नुसते पुरावे दाखवून काही हाती लागणार नाही.

पायरी ३: पहिल्या काही आठवड्यांतली कामं

एक वही करा. तारीख, काय घडलं, कुणाचं नाव कानावर आलं, किती पैसे गेले, झोपेत, वजनात, बोलण्यात काय फरक पडला. मतं लिहू नका, घटना लिहा. 'तिचं डोकं फिरवलंय' यापेक्षा 'मंगळवारी रात्री अडीचला घरी आली, बुधवारी पहाटे पाचला पुन्हा गेली, थायरॉइडची गोळी दोन आठवडे बंद' हे पुढे डॉक्टरांना, वकिलाला किंवा पोलिसांना कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

पैशाची बाजू आधी बांधा, पण गाजावाजा न करता. संयुक्त खाती, एकमेकांच्या कर्जाला दिलेली हमी, दोघांच्या नावावरचं घर, विम्याचं आणि वारसाचं नामनिर्देशन, सगळं तपासा आणि वकिलाला विचारून तुमचा वाटा सुरक्षित करा. गटासाठी काढलेलं कर्ज फेडायला पैसे देऊ नका. मात्र 'घरी आलास की जेवण, डॉक्टर आणि परतीचं तिकीट यांची चिंता करू नकोस' हे स्पष्ट सांगा. रोख रक्कम हातात न देता गरज थेट भागवा.

वृद्ध आईवडील असतील तर यात दिरंगाई नको. जपानमध्ये 'पूर्वजांचं पाप तुमच्या कुटुंबाला भोवतंय' अशी भीती घालून कलश आणि शिक्के अवाच्या सवा किमतीला विकण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालले, आणि युनिफिकेशन चर्चचं नाव त्यात सतत येत राहिलं. ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याने आपल्या आईने या चर्चला दिलेल्या प्रचंड देणग्यांमुळे घर उद्ध्वस्त झाल्याचं आणि आबे यांचे या चर्चशी संबंध आहेत असं वाटल्याने त्यांना मारल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे देश हलला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानने कायदा केला: देणगीसाठी कर्ज काढायला किंवा राहतं घर विकायला सांगता येणार नाही, आणि भीती घालून घेतलेली देणगी परत मागता येईल. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्या चर्चची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता काढून घेण्याचा आदेश दिला. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण देणगी परत मागता येते का हे वकिलाला विचारायला काय हरकत आहे?

या काळात दोन गोष्टी करू नका: गटाच्या प्रमुखाला फोन करून धमकावणं, आणि नातेवाइकांच्या घोळक्यात बसवून उलटतपासणी घेणं.

पायरी ४: बोलायचं कसं

सगळ्यात अवघड भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

संपर्क नियमित ठेवा आणि दहातली नऊ संभाषणं पंथाबद्दल नसू द्या. जुनी मैत्रीण, भाच्याची शाळा, घरातलं मांजर, बिघडलेली स्कूटर. ज्या माणसाला पंथाने नवं नाव आणि नवी भाषा दिली आहे, त्याच्यातल्या जुन्या माणसाशी बोलत राहायचं. उत्तर आलं नाही तरी वाढदिवसाचा निरोप जाऊ द्या. टोमणा नको, 'तुझी आई रोज रडते' नको. अपराधी वाटायला लावण्यात तो गट तुमच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहे.

दहाव्या संभाषणात विषय निघाला तर साधारण असं:

'दादा, पुढच्या महिन्यात मोठं शिबिर आहे, मी नोकरी सोडतोय.'

मनात येणारं उत्तर: 'अक्कल गहाण ठेवली आहेस का?'

द्यायचं उत्तर: 'बरं. तिथे तुला सगळ्यात जास्त काय आवडतं रे?' मग खरंच ऐका. त्यानंतर: 'समजा सहा महिन्यांनी तुला वाटलं की नाही जमत, तर परत यायची काय सोय आहे?' आणि पुन्हा गप्प बसा.

त्याच्याकडे याचं उत्तर नसेल तर तो प्रश्न त्याच्यासोबत जाईल. बहुतेक वेळा ठरलेलं वाक्य येतं: 'शंका म्हणजे अहंकार.' त्यावर वाद घालू नका. 'हं. तू शाळेत असताना मास्तरांना सगळ्यात जास्त शंका विचारायचास, मला आवडायचं ते' एवढं पुरे.

आणखी एक युक्ती उपयोगी पडते. त्याच्या गटाबद्दल न बोलता दुसऱ्याच एखाद्या गटाबद्दल बोला. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात हेवन्स गेट या पंथाच्या ३९ जणांनी एका घरात सामूहिक आत्महत्या केली. हेल-बॉप धूमकेतूमागून येणारं यान आपल्याला घेऊन जाईल अशी त्यांची खात्री होती. ही माणसं वेबसाइट बनवून पोट भरत होती, कामात चोख होती. 'इतकी हुशार माणसं, त्यांना कुणीच कसं थांबवलं नाही?' एवढं म्हणून सोडून द्या. तुलना त्याची त्याला करू द्या. तुम्ही ती बोलून दाखवलीत की तो बचावाला उभा राहतो.

हे वाचणारे तुम्ही स्वतःच अशा गटात असाल तर एक साधी चाचणी करा. एका छोट्या गोष्टीला नाही म्हणा. एका शिबिराला जाऊ नका, एक देणगी पुढे ढकला, पंधरा दिवस घरी या आणि पुरेसं झोपा. त्यावर गट कसा वागतो, आणि नाही म्हणताना तुमच्या पोटात किती मोठा गोळा येतो, ते पाहा.

पायरी ५: धीर धरायचा नाही अशी वेळ ओळखा

आतापर्यंत सगळं सबुरीचं सांगितलं. काही खुणा दिसल्या तर मात्र सबुरी सोडा आणि त्याच दिवशी पोलीस, डॉक्टर किंवा बालसंरक्षण यंत्रणा गाठा: टोकाचे उपास, औषधं किंवा उपचार बंद करणं, लहान मुलांना शाळेतून काढणं किंवा मारहाण, लैंगिक सक्ती, ओळखपत्रं जाळणं किंवा पासपोर्ट काढून घेणं, शस्त्रं जमवणं, एकाएकी सगळ्यांना दुर्गम जागी हलवणं, 'शेवटच्या' तारखेची घोषणा.

या खुणा इतिहासातून आल्या आहेत. युगांडातल्या एका पंथाने १९९९ च्या अखेरीस जग संपेल असं सांगितलं होतं. तसं झालं नाही, लोक आपली विकलेली मालमत्ता परत मागू लागले, नवी तारीख आली, आणि १७ मार्च २००० रोजी कानुंगू इथे बंद प्रार्थनागृहात शेकडो माणसं जळून मेली. चुकलेलं भाकीत म्हणजे धोका टळला असं घरच्यांना वाटतं. पण प्रमुखाची पत घसरू लागते तो काळच जास्त जपण्याचा. केनियातल्या शकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये ४०० हून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. तिथे उपाशी राहून देवाला भेटायचं असं शिकवलं जात होतं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून शाळा, दवाखाना आणि सरकारी ओळखपत्रं यांच्याविरुद्ध प्रचार सुरू होता.

जोन्सटाउन ही जिम जोन्सने पीपल्स टेंपलच्या माणसांसाठी वसवलेली वसाहत. तिथून घ्यायचा धडा जरा वेगळा आहे. नोव्हेंबर १९७८ मध्ये नातेवाइकांच्या तक्रारींवरून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन गयानातल्या त्या वसाहतीत गेले. काही जणांनी त्यांच्यासोबत परत जायची इच्छा दाखवली आणि १८ तारखेला धावपट्टीवर पंथाच्या माणसांनी गोळीबार केला. मग वसाहतीत जोन्सच्या सांगण्यावरून सगळ्यांना विष दिलं गेलं. त्या दिवशी रायन यांच्यासह एकूण ९१८ जण मरण पावले, त्यांत जवळपास ३०० मुलं होती. नातेवाईक बरोबरच होते. पण बंदिस्त, शस्त्रधारी, भेदरलेल्या गटावर बाहेरून एकाएकी दबाव आला की काय होऊ शकतं हेही तिथे दिसलं. गाडी काढून स्वतः तिथे धडकू नका. वही घेऊन यंत्रणेकडे जा.

पायरी ६: उचलून आणायचं नाही

१९७० च्या दशकात अमेरिकेत पैसे घेऊन तरुणांना पळवून आणणारे, खोलीत डांबून त्यांचा पंथ 'उतरवणारे' लोक निघाले होते. आईबाप हतबल होते, हे समजू शकतं. पण १९९५ मध्ये अशाच एका प्रकरणात ज्युरीने लाखो डॉलरची भरपाई ठोठावली आणि तिथली पंथविरोधी प्रमुख संघटना त्यात दिवाळखोर झाली. जपानमध्ये युनिफिकेशन चर्चच्या एका सदस्याला घरच्यांनी १२ वर्षं कोंडून ठेवलं. तो सुटल्यावर न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कायद्याची भीती सोडा, पण ज्या गोष्टीवरून आपण पंथाला नावं ठेवतो तीच घरात करून कसं चालेल? प्रौढ माणसाला चुकीचं काही मानायचा हक्क आहे. 'हमखास बाहेर काढून देतो' म्हणणाऱ्या सल्लागारालाही पायरी १ चे सगळे प्रश्न विचारा, फीसकट.

पायरी ७: बाहेर पडण्याचा दिवस

तो अचानक येतो. कधी प्रमुखाचं खोटं पकडलं जातं, कधी आजारपणात गट पाठ फिरवतो, कधी एखाद्याला आपलं मूल तिथे वाढवायचं नसतं. रात्री एकला फोन येईल. तेव्हा 'ये' एवढंच म्हणायचं. 'का' नंतर विचारू.

त्यासाठी तयारी आधीच हवी: झोपायला जागा, पासपोर्ट आणि ओळखपत्रांच्या प्रती, थोडे पैसे, नवं सिमकार्ड, ओळखीचा डॉक्टर. आत राहून बाहेर पडायचं ठरवणाऱ्याने जाहीर घोषणा करून 'शेवटची चर्चा' करायला बसू नये. त्या चर्चेत एका बाजूला दहा जण असतात. गटाकडे गुपितं असतील तर वकिलाशी आधी बोलावं. अमेरिकेतल्या नेक्सियम या 'व्यक्तिमत्त्व विकास' गटाच्या आतल्या वर्तुळात स्त्रियांकडून खासगी छायाचित्रं आणि बदनामीकारक कबुल्या तारण म्हणून घेतल्या जात. म्हणून कित्येकींची तोंडं बंद राहिली. शेवटी त्या बोलल्या आणि प्रमुख कीथ रनिएरी याला २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा झाली. अशी धमकी आली तर ती खंडणीच आहे. निरोप पुसू नका, जपून ठेवा.

पायरी ८: परत आल्यानंतर

पहिले काही महिने फक्त झोप, अन्न, वैद्यकीय तपासणी आणि दातांचा डॉक्टर. मुलाखती नकोत, समाजमाध्यमांवर पोस्ट नकोत, लगेच नोकरी नको. दुकानात साबण निवडताना माणूस अडकून उभं राहतं, कारण कित्येक वर्षं कुणी निवडायलाच दिलेलं नसतं. मध्येच एखाद्या भजनाच्या ओळीने किंवा वासाने ते पुन्हा तिथेच पोचतं, नजर हरवते. अशा वेळी नावाने हाक मारा, आजची तारीख आणि जागा सांगा, काहीतरी हातात द्या. रात्री भीती वाटेल: 'सोडलं म्हणून मला कॅन्सर झाला तर?' हसू नका. ती भीती रोज थोडी थोडी मनात भरवली गेली होती, तशीच ती हळूहळू ओसरते. सक्तीच्या नात्यांतून बाहेर पडलेल्यांसोबत काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ मिळाला तर उत्तम.

'मी सांगत होतो ना' हे वाक्य कायमचं गिळा. आणि त्या माणसाला तिथल्या चांगल्या दिवसांची आठवण येऊ द्या. मैत्री खरी होती, गाणी खरी होती. सगळंच खोटं होतं असं कबूल करायला लावलंत तर त्याच्या तरुणपणाची दहा वर्षं तुम्ही पुसून टाकता. त्याने स्वतः ओढून आणलेली माणसं अजून आत असतील तर तो अपराध त्याला सगळ्यात जास्त खातो. त्यावर घाईघाईने 'तुझी काय चूक' म्हणू नका. बोलू द्या.

पंथातच जन्मलेल्या किंवा लहानपणी नेलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना परत जायला जुनं आयुष्यच नसतं. अनेकांकडे जन्मदाखला, शाळेचा दाखला, बँक खातं, लशींची नोंद यातलं काहीच नसतं, आणि आईवडील आतच असतात. त्यांना समुपदेशनाच्या आधी कागदपत्रं लागतात, आणि ती काढून देताना तासन्तास रांगेत सोबत उभं राहणारं कुणीतरी लागतं. पंथावर टीका करताना त्यांच्या आईवडिलांची टिंगल त्यांच्यासमोर करू नका. फोन लावायचा असला तर लावू द्या.